मतदानानंतरचे घर : कास्तकाराने हिशेब कोणत्या पायावर मांडावा

पाऊस लांबला तर काय करावे, हे शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. मृग कोरडा गेला तर आर्द्रेची वाट पाहावी, उडीद-मुगाचा बेत सोडून तुरीकडे वळावे, सगळे बियाणे एकाच पेरणीत मातीआड करू नये, हे शहाणपण बापाकडून मुलाकडे न बोलता येते. परंतु राज्यकारभारातील पालटामुळे जी अनिश्चितता घरात शिरते, तिच्यासाठी अशी परंपरागत तजवीज आपणाजवळ नाही. मोठे मतदान झाले की दोन-चार महिने गावचा पार, चहाचे दुकान व बाजारचा रस्ता एकाच बोलण्याने भरून जातो : माफी होणार काय, भाव वाढणार काय, चालू असलेली योजना राहणार की जाणार? या बोलण्यात कोणी आशेने हातचा पैसा खर्चून बसतो, तर कोणी भीतीने हातचा माल मातीमोल विकून टाकतो. दोघांचेही नुकसान सारखेच होते.

प्रस्तुत पाठात कोणास मत द्यावे अथवा कोणाचे राज्य चांगले, याची चर्चा आम्ही करणार नाही. तो ज्याचा त्याचा अधिकार आहे. मत देऊन झाल्यावर, राज्य कोणाचेही येवो, घर उभे कसे ठेवावे एवढाच आमचा विषय आहे. आमचे आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरात गेले. त्या अनुभवावरून आणि स्वतःच्या घरात झालेल्या एका चुकीवरून जे शिकावयास मिळाले, ते वाचकबंधुभगिनींपुढे ठेवीत आहो.

१. शके १९४१ चा कार्तिक

उदाहरणासाठी फार दूर जावयास नको. २०१९ साली महाराष्ट्र विधानसभेसाठी २१ ऑक्टोबरला मतदान झाले आणि २४ ऑक्टोबरला निकाल लागला. २७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते. त्याच दिवसांत अरबी समुद्रात प्रथम ‘क्यार’ व त्यामागून ‘महा’ अशी दोन चक्रीवादळे उठली आणि राज्याच्या मोठ्या भागात अवकाळी पाऊस झाला. कापून टाकलेले सोयाबीन शेतातच भिजले, गंजी लावलेल्यास आतून कोंब फुटले, ज्वारीची कणसे काळी पडली, फुटलेला कापूस बोंडातच खराब झाला. शेतकऱ्याच्या घरी दिवाळीचा दिवा होता, पण कोठीत येणारे धान्य नव्हते.

इकडे निकाल लागूनही सरकार बसेना. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली. २३ नोव्हेंबरच्या पहाटे ती उठली व त्याच सकाळी शपथविधी झाला. ते सरकार २६ तारखेस गेले, आणि २८ नोव्हेंबरला दुसरे सरकार अधिकारावर आले. मतदानाच्या दिवसापासून मोजले तर हे अडतीस दिवस होतात. रब्बीचा हरभरा पेरण्याचे, म्हणजे पैशाची अत्यंत निकड असण्याचे, हेच दिवस होत.

आम्ही त्या वेळी तहसील कचेरीत होतो. रोज माणसे येत व एकच प्रश्न विचारीत : “साहेब, सरकारच नाही, तर पंचनामा कोण करणार?” वस्तुस्थिती अशी होती की, तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहाय्यक हे तिघे गावोगाव पंचनामे करीतच होते. मंत्री नसले म्हणून गावचे दप्तर बंद पडत नाही. १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी मदत जाहीर केली : खरीप पिकांस हेक्टरी ८,००० रुपये व फळबागांस हेक्टरी १८,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. झालेल्या हानीच्या मानाने ही रक्कम तोकडी होती, यात शंका नाही. परंतु मंत्रिमंडळ नसतानाही मदतीची वाट अडली नव्हती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मग अडले कोण? ज्यांचे कागद अडले, ते. एका घरी वडील वारून नऊ वर्षे झाली होती. जमीन तिघे भाऊ मिळून कसत होते, परंतु सातबाऱ्यावर नाव अद्याप वडिलांचेच होते. पंचनामा झाला, यादी झाली, पण रक्कम जमा करावयाची कोणाच्या खात्यात? वारसनोंद होऊन फेरफार मंजूर होईपर्यंत त्या घरची हरभऱ्याची पेरणी उलटून गेली. दुसऱ्या एका घरी चार सहहिस्सेदार होते. तिघांनी संमतीपत्र दिले, चौथ्याने मागच्या भांडणाचा राग काढला आणि चौघांचीही मदत लांबली. राज्य कोणाचे आले याचा या दोन्ही घरांच्या अडचणीशी काडीचाही संबंध नव्हता.

यावरून पहिला धडा मिळतो, तो असा की, अनिश्चित काळात घराचा पहिला आधार म्हणजे स्वतःचा नीट असलेला दाखला होय. सातबारा व आठ-अ वर्षातून एकदा काढून स्वतः वाचावा. नाव, क्षेत्र, विहिरीची नोंद, बोजा, सर्व ताडून पाहावे. मयताची वारसनोंद तेराव्यानंतर तीन महिन्यांच्या आत उरकावी. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः ई-पीक पाहणीत करावयाची पद्धत राज्यात सुरू झाली. तेव्हापासून ही नोंद ज्याने टाळली, त्यास हमीभावाच्या खरेदीत व भावफरकाच्या मदतीत अडचण आली. एप्रिल २०२५ पासून शेतीविषयक योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक केला गेला. ही कामे मतदानापूर्वीही करता येतात व नंतरही. मात्र संकट आल्यावर करू म्हटल्यास कचेरीपुढे रांग लागलेली असते.

२. घोषणेपासून खात्यापर्यंत

राजकीय वचन हे बियाण्यासारखे आहे. बियाणे हातात आले म्हणजे पीक घरी आले, असे कोणी शेतकरी समजत नाही. त्याचप्रमाणे सभेतील वचन व आपल्या खात्यातील रुपया यांच्यामध्ये चार पायऱ्या असतात, त्या प्रत्येकाने पाठ कराव्यात.

पहिली पायरी घोषणा. सभेत, जाहीरनाम्यात अथवा विधानभवनात ती होते. दुसरी पायरी शासन निर्णय. यात दिनांक, मर्यादा, पात्रता व अपात्रता लिहिलेली असते. घोषणेतील मोकळे शब्द येथे येऊन अटींत बांधले जातात. तिसरी पायरी यादी. म्हणजे त्या अटींच्या चाळणीतून खाली उतरलेली नावे व त्यांची आधार पडताळणी. चौथी पायरी खात्यात जमा झालेली रक्कम.

२०१९ च्या मतदानानंतर झालेल्या कर्जमुक्तीचाच दाखला घेऊ. घोषणा २१ डिसेंबर २०१९ ला झाली. महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेचा शासन निर्णय २७ डिसेंबरला निघाला. पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी लागली. पुढील महिन्यात महामारीमुळे सर्व व्यवहार बंद झाले आणि पुष्कळ पात्र शेतकऱ्यांची रक्कम वाटेत राहिली. अखेर मे २०२० मध्ये शासनास स्वतंत्र आदेश काढून बँकांस सांगावे लागले की, अशा खातेदारांची बाकी शासनाकडून येणे समजावी व त्यांस खरिपासाठी नवे कर्ज द्यावे. म्हणजे ज्याचे नाव यादीत होते, त्यासही तिसऱ्या व चौथ्या पायरीमध्ये एवढे थांबावे लागले. मग ज्याच्याजवळ नुसती घोषणा आहे, त्याने तिच्या भरवशावर काय करावे?

आमचा नियम असा : पहिल्या पायरीवर ऐकावे, दुसऱ्या पायरीवर वाचावे, तिसऱ्या पायरीवर कागद पुरे करावेत, आणि घरच्या वहीत जमेच्या बाजूस रक्कम लिहावयाची ती चौथ्या पायरीवरच. हा नियम आम्हांस कचेरीत ठाऊक होता, तरी घरी आम्ही तो मोडला. त्याची हकीकत पुढे देतो.

३. “भरू की थांबू?”

आमचे धाकटे बंधू गावी शेती पाहतात. २०१७ च्या जूनमध्ये त्यांनी १,७६,००० रुपये पीककर्ज घेतले. पुढल्या वर्षी मुदत जवळ आली तेव्हा तूर व कापूस विकून त्यांच्या हाती बहुतेक रक्कम जमली होती. ते मुद्दाम तालुक्यास आले आणि म्हणाले, “दादा, तुम्ही कचेरीत असता; तुम्हांला आतले कळते. भरू की थांबू?”

आम्हांस आतले असे काहीच कळत नव्हते. २०१७ साली एक माफी होऊन गेली होती. २०१९ साली दोन निवडणुका व्हावयाच्या होत्या. दुसरी माफी होईल असे सर्वत्र बोलले जात होते. चारचौघे बोलत होते तेच आम्ही कचेरीच्या खुर्चीत बसून बोललो. आम्ही म्हटले, “थांब.”

पैसा थांबत नाही. घरी राहिलेली ती रक्कम निम्मी पुतणीच्या लग्नात व निम्मी किरकोळ गरजांत गेली. मुदत टळल्यामुळे वेळेवर फेडणारास मिळणारी व्याजाची सवलत गेली. पहिल्या वर्षाचे सात टक्क्यांप्रमाणे १२,३२० रुपये अंगावर आले. त्यापुढे थकबाकीवर दहा टक्क्यांप्रमाणे पंधरा महिन्यांचे २२,००० रुपये चढले. ३० सप्टेंबर २०१९ या दिवशी एकूण बाकी २,१०,३२० रुपये झाली होती. शासन निर्णय निघाला तो असा की, १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेल्या कर्जाची ३० सप्टेंबर २०१९ रोजी मुद्दल व व्याज मिळून दोन लाखांपर्यंत थकबाकी असेल, तर ते खाते पात्र. बंधूंचे खाते १०,३२० रुपयांनी बाहेर राहिले. ज्या व्याजाने ते बाहेर ढकलले, ते व्याज आमच्या ‘थांब’ या एका शब्दाने चढलेले होते.

एवढ्यावर हे भागले नाही. खाते थकल्यामुळे २०१८ व २०१९ च्या खरिपास बँकेने नवे कर्ज दिले नाही. बंधूंनी एका खासगी सावकाराकडून ६०,००० रुपये दरमहा तीन टक्क्यांनी उचलले. वर्षाचे व्याज २१,६०० रुपये, दोन वर्षांचे ४३,२००. पुढे नियमित फेड करणारांस ५०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहनाची रक्कम मिळाली. तिचे वाटप २०२२ साली सुरू झाले. तीही अर्थात बंधूंस मिळाली नाही. तिन्ही रकमांची बेरीज मांडून पाहा :

बँकेचे व्याज ३४,३२० रुपये.
सावकाराचे व्याज ४३,२०० रुपये.
न मिळालेले प्रोत्साहन ५०,००० रुपये.
एकूण १,२७,५२० रुपये.

शेजारच्या शिवारातील एका शेतकऱ्याची दीड लाखाची बाकी याच योजनेत पूर्ण माफ झाली, हेही आम्ही लपवीत नाही. थांबणारास कधी लाभ होतो, कधी होत नाही. परंतु लाभ कोणास होईल हे ठरविणारा दिनांक व मर्यादा थांबतेवेळी कोणासच ठाऊक नसतात. २००८ च्या केंद्रीय माफीत जमिनीचे क्षेत्र पाहिले गेले, २०१७ च्या माफीत दीड लाखाची मर्यादा होती, २०१९ च्या माफीत दोन लाखांची. प्रत्येक वेळी चाळणीची भोके निराळी होती. अशा स्थितीत थांबणे हा हिशेब नसून डाव होय. आणि डाव लावावयाचाच असेल तर तो डाव आहे हे ओळखून, जेवढे गमावणे परवडेल तेवढ्याचाच लावावा.

बंधूंनी आम्हांस आजवर एका शब्दाने दोष दिला नाही. ती बाकी शेवटी दोघांनी मिळून, आमच्या निवृत्तीच्या रकमेतील काही भाग घालून, फेडली. परंतु भावजयीने एके दिवशी सहज म्हटले, “भाऊजी, तुम्ही नाही म्हणाला असता तर आम्ही भरलेच असते.” हे वाक्य आमच्या कानांतून जात नाही. ज्यांच्या शब्दाला गावात किंमत आहे, त्या शिक्षकाने, सोसायटीच्या सचिवाने, कचेरीतील नोकराने, ऐकीव गोष्टीवरून दुसऱ्याच्या कर्जाविषयी सल्ला देऊ नये, हे आम्ही येथे लिहून ठेवतो.

४. तोच प्रश्न पुन्हा

२० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी पुन्हा मतदान झाले. या वेळी दोन्ही प्रमुख आघाड्यांच्या वचनांत कर्जमाफी होती. निकाल २३ नोव्हेंबरला लागला व ५ डिसेंबरला शपथविधी झाला. पुष्कळांनी हप्ता थांबविला. २८ मार्च २०२५ ला तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी सांगितले की, ३१ मार्चच्या आत पीककर्जाचे पैसे भरावेत. ज्याने आशेवर चार महिने काढले, त्यास सोय करावयास तीन दिवस उरले. पुढे आंदोलने झाली, आणि ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस सरकारने ३० जून २०२६ पूर्वी निर्णय घेण्याचे सांगितले. या सर्व काळात एक खरीप व एक रब्बी येऊन गेली आणि दोन्ही वेळा बी-खताचे पैसे रोखच लागले.

तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडणारास केंद्र व राज्य यांच्या व्याजसवलती मिळून ते शून्य टक्क्याने पडावे, अशी व्यवस्था २०२१-२२ पासून आपल्या राज्यात झाली. शून्य टक्क्याचा पैसा सोडून दरमहा तीन टक्क्यांचा पैसा घेणे, याहून महाग आशा दुसरी नाही. सबब आमची सूचना अशी : शक्य असेल त्याने वेळेत भरावे व नवे कर्ज उचलावे. पीक बुडाल्यामुळे खरोखरच शक्य नसेल त्याने गप्प न बसता मुदतीपूर्वी बँकेत लेखी अर्ज करून कर्जाचे पुनर्गठन, म्हणजे हप्ते पाडून मुदत वाढवून, मागावे व अर्जाची पोच घ्यावी. आणि सावकाराकडे जाणे भागच पडले तर परवानाधारकाकडे जावे. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली शेतकऱ्यास तारणावर वर्षास नऊ टक्के व बिनतारणी बारा टक्के हा दर ठरविला गेला. ही वर्षाची आकारणी आहे, महिन्याची नव्हे.

५. भावाची वाट पाहणे

कर्जाप्रमाणेच भावाचे. २०२४ च्या प्रचारात सोयाबीनला सहा हजारांचा भाव मिळवून देण्याची भाषा झाली. त्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये होता व बाजार त्याच्याही खाली चालला होता. काहींनी सहा हजारांची वाट पाहत सगळा माल घरात ठेवला. काहींनी घाबरून सगळा माल दिवाळीतच काढला. आमच्या मते मालाचे तीन वाटे करावेत. पहिला वाटा देणी व रब्बीचा खर्च भागेल एवढा लगेच विकावा. दुसरा हमीभावाच्या खरेदीसाठी नोंदवावा व धान्य चांगले वाळवून, चाळून न्यावे. तिसरा ठेवावयाचा तर बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत ठेवावा.

ही तारण योजना कृषी पणन मंडळाने १९९०-९१ पासून चालविली, तरी पुष्कळांस तिचा विसर पडला आहे. तीत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांसाठी वर्षास सहा टक्के व्याजाने मिळावी, अशी रीत ठेवलेली आहे. समजा २० क्विंटल सोयाबीन ४,२०० रुपये भावाने ८४,००० रुपयांचे झाले. त्यावर ६३,००० रुपये हाती येतात. सहा महिन्यांचे व्याज १,८९० रुपये, म्हणजे क्विंटलमागे सुमारे ९५ रुपये. भाव क्विंटलला ९५ रुपये व वर वाहतूक-हमाली एवढ्याहून अधिक चढेल असे वाटत असेल तरच थांबण्यात अर्थ. नाही तर विकलेले बरे. मुदतीनंतर व्याज वाढते, म्हणून तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. अशा रीतीने थांबणे हे आशेवर थांबणे नसून आकड्यावर थांबणे होय.

धोरणे कशी उलटसुलट फिरतात, हे कांदेवाल्यांस विचारावे. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली. ४ मे २०२४ ला, लोकसभेचे मतदान चालू असताना, ती शुल्क व किमान किंमत लावून खुली झाली. सप्टेंबरात किमान किंमत उठली व शुल्क निम्मे झाले. १ एप्रिल २०२५ पासून तेही उठले. सोळा महिन्यांत चार पालट. एकाच पिकावर सगळे घर टांगू नये, हा जुना उपदेश येथे नव्या कारणाने खरा ठरतो.

६. कोठी, बियाणे व वैरण

रोख पैशाची वाट अडली तरी चूल व तिफण अडू नये, ही खरी तयारी. पाच मोठ्या माणसांच्या घरास माणशी दरमहा ११ किलो धान्य धरल्यास वर्षास ६६० किलो लागते. पाहुणे व मजूर धरून आठ क्विंटल ज्वारी-गहू कोठीत असावा. माणशी दीड किलो डाळ धरल्यास ९० किलो होते; त्यासाठी सव्वा क्विंटल तूर राखावी. बैलजोडीस दर जनावरी रोज सात किलो वाळली वैरण धरली, तर उन्हाळ्याच्या १२० दिवसांस सुमारे १७ क्विंटल कडबा हवा. एवढे राखून मगच उरलेले विकावे.

बियाण्याची गोष्ट आणखी महत्त्वाची. सोयाबीन हे सरळ वाणाचे पीक असल्यामुळे घरचे बियाणे दोन-तीन वर्षे वापरता येते. मात्र पावसात भिजलेले सोयाबीन बियाण्यास राखू नये. २०१९ च्या त्या पावसानंतर २०२० च्या जूनमध्ये सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी राज्यभर झाल्या, हे विसरू नये. वैशाखात उगवणीची परीक्षा घ्यावी : ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींनी शंभर दाणे मांडून, गुंडाळून, सावलीत ठेवावे व रोज पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी सत्तर दाणे उगवले तर एकरी ३० किलो पुरे. साठ उगवले तर ३५ किलो घ्यावे. त्याहून फार कमी उगवल्यास ते बियाणे नव्हे, ते तेलाचे धान्य. घरात उगवणारे बियाणे असले म्हणजे जूनमध्ये बँकेचे दार उशिरा उघडले तरी निम्मी चिंता गेलेली असते.

७. दरमहाची मदत आणि घरची वही

२०२४ च्या ऑगस्टपासून पुष्कळ घरांतील स्त्रियांच्या नावे लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये येऊ लागले. प्रचारात ते २,१०० करण्याचे वचन होते. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ती वाढ आली नाही. ज्या घरी २,१०० धरून वस्तूंचे हप्ते बांधले गेले, तेथे महिन्याकाठी ६०० रुपयांची तूट पडली. मिळालेला रुपया जिच्या नावे आला तिचा आहे. तिने तो कोठे लावावा हे तिने ठरवावे. आमचे सांगणे एवढेच की, अशा पैशावर कायमचा हप्ता बांधू नये. शेळी, शिलाईचे यंत्र, मुलीची पुस्तके, यांत घातलेला पैसा योजना बदलली तरी घरातच राहतो.

चालू सवलतही कायमची धरू नये. २०२३ च्या खरिपापासून पीकविमा एका रुपयात मिळत होता. २०२५ च्या खरिपापासून ती पद्धत बंद होऊन खरीप पिकांस विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता पुन्हा शेतकऱ्याकडे आला. म्हणून वहीत दोन पाने करावीत : एका पानावर सर्व सवलती धरून वर्षाचा जमाखर्च, दुसऱ्यावर एकही सवलत न धरता. दुसऱ्या पानावर जेवढी तूट दिसेल, तेवढा पैसा, निदान तीन महिन्यांच्या घरखर्चाइतका, सुगीच्या विक्रीतून बाजूस काढावा. हे काम घरातील सर्वांनी एकत्र बसून करावे. ज्या घरी कर्जाचा आकडा फक्त कर्त्या पुरुषास ठाऊक असतो, त्या घरी अडचणीचे ओझेही त्या एकट्याच्याच डोक्यावर बसते, आणि तेच कित्येकदा घात करते.

८. बांधाबांधाचा सलोखा

शेवटची तजवीज पैशाची नव्हे. मतदानात गाव दोन ठिकाणी होते; कित्येक ठिकाणी घरही होते. निकालाच्या गुलालावरून सामाईक विहिरीच्या पाळ्या मोडल्याचे व सावड तुटल्याचे आम्ही पाहिले आहे. पुढारी पुन्हा एका व्यासपीठावर बसतात, इकडे बांधावरचे दोन शेजारी मात्र दहा वर्षे बोलत नाहीत. मदतीच्या यादीस सहहिस्सेदाराची सही लागते. रात्री साप चावला तर गाडी शेजाऱ्याचीच मिळते. तेव्हा निकालाच्या दुसऱ्या दिवशी, आपला पक्ष जिंको वा हरो, शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन चहा घ्यावा. याला खर्च नाही आणि याचा विमा कोणत्याही सरकारच्या हातात नाही.

तात्पर्य, राज्य बदलते, वचने फिरतात, मर्यादा व दिनांक वर-खाली होतात; दाखला, दाणा, बियाणे, वेळेत फेडलेली बाकी व शेजारी, ही पाच आपली असतात. हिशेब या पाचांच्या पायावर मांडावा. वरून जे येईल ते आनंदाने घ्यावे व ते मागण्याचा हक्कही सोडू नये. मात्र ते खात्यात येईपर्यंत वहीत लिहू नये.

वाचनमंडळासाठी प्रश्न

१. आपल्या घरचा सातबारा आपण शेवटचा कधी वाचला? त्यावर मयताचे नाव आहे काय?
२. घोषणा, शासन निर्णय, यादी व खाते या चार पायऱ्यांचे आपल्या गावातील एक उदाहरण दिनांकांसह लिहा.
३. आपल्या पीककर्जाची मुदत कोणत्या तारखेस संपते? ती टळल्यास वर्षास किती रुपये अधिक पडतील, हे काढा.
४. एकही सवलत न धरता आपल्या घरचा एक वर्षाचा जमाखर्च मांडा व तूट किती येते ते घरच्या मंडळींस वाचून दाखवा.
५. मागील मतदानानंतर आपण ज्याच्याशी बोलणे सोडले, त्याच्याशी आपला कोणता व्यवहार अडला आहे?